सात ते आठ

१० जून २०२४, सोमवार. कोल्हापूर

डोंगराकडच्या आईशी आज पहिली व्हिडिओ भेट झाली. (या वहीत कुणाचं नाव-गाव लिहायचं नाही हा नियम जुना आहे; खुणेपुरतं एवढंच.) तिनं सकाळी अकराची वेळ मागितली होती, मी संध्याकाळी सातवर अडून बसले. अकराला पोरगं अंगणवाडीत असतं, आई निवांत असते आणि आम्ही दोघी मुलाविषयी नुसत्या बोलत बसतो. सातला धार काढून झालेली असते, कुकर चढलेला असतो, मुलाला भूक आणि झोप एकदमच आलेली असते. अडचण त्या तासात आहे, तर भेटही त्याच तासात व्हायला हवी.

तिनं फोन ओट्यावर तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला. निम्म्या पडद्यावर शेगडी, उरलेल्या निम्म्यात चार वर्षांचा मुलगा. तो मोबाईल मागत होता आणि त्या वेळी घरात असलेला एकच मोबाईल माझ्यासाठी अडकलेला. आधी त्यानं आईचा पदर ओढला, मग ताटली भिरकावली, मग जमिनीवर पाठ टेकून टाचा आपटायला सुरुवात केली. आई म्हणाली, "हे रोजचंच हाय मॅडम. दवाखान्यात न्हेलं की मांडीवर गप बसतोय. डॉक्टर म्हणतात, पोरगं गुणाचं हाय की!"

डॉक्टरांना दिसतं ते खरंच असतं. अनोळखी खोलीत मूल सगळं बळ एकवटून शहाणं बसतं. त्याला निर्धास्त वाटतं तिथं, म्हणजे घरी आणि बहुतेक वेळा आईजवळ, ते मोकळं होतं. म्हणून आईनं सांगितलेलं मूल आणि दवाखान्यात दिसलेलं मूल वेगळं असतं, आणि आईच वाढवून सांगते असा शिक्का बसतो. फोनच्या त्या वेड्यावाकड्या चौकटीत मला आज आईचंच मूल दिसलं. ऑनलाइन कामाबद्दल माझ्या सोबतिणी शंका घेतात, तेव्हा मी त्यांना हेच सांगते.

अमेरिकेत शीला आयबर्ग या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७०च्या दशकात एक पद्धत बसवली. आई-मूल एका खोलीत खेळतात, शिकवणारी व्यक्ती एकतर्फी काचेपलीकडे बसते आणि आईच्या कानातल्या यंत्रातून तिला त्या त्या क्षणी सुचवत राहते. मुलाला उपचार द्यायचे नाहीत. आईबापांचा हात धरून त्यांच्याकडून ते करवून घ्यायचे. पुढे इंटरनेट आलं, काच गेली. फ्लोरिडातल्या जोनाथन कोमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या चाळीस मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. घरून व्हिडिओवर शिकलेली कुटुंबं दवाखान्यात येणाऱ्यांच्या मागे राहिली नव्हती. अभ्यास लहान आहे, पण माझ्या कामाला त्यानं पाठबळ दिलं. आमच्याकडे कानातलं यंत्र म्हणजे बाजारात मिळणारा साधा इयरफोन. तोही तिच्याकडे नाही. नवऱ्याचा आणून ठेवते म्हणाली.

१३ जून, गुरुवार

आजपासून पाच मिनिटांचा खेळ. रोज पाच मिनिटं मुलाबरोबर जमिनीवर बसायचं. खेळ त्यानं निवडायचा, आपण त्याच्या मागून जायचं. तेवढ्या वेळात हुकूम नाही, प्रश्न नाही, चूक काढणं नाही. तो करतोय ते बोलून दाखवायचं, तो बोलेल ते परत म्हणायचं, चांगलं दिसेल त्याचं नेमकं कौतुक करायचं. आयबर्ग यांच्या पद्धतीत पुढच्या पायरीवर जायचा निकष कडक आहे: पाच मिनिटांत दहा वेळा नेमकं कौतुक, दहा वेळा वर्णन, दहा वेळा मुलाचं बोलणं परत म्हणणं, प्रश्न, हुकूम आणि टीका मिळून तीनच्या वर जाता कामा नयेत.

आपल्याकडे सगळ्यात अवघड जातं ते प्रश्न थांबवणं. "हा कुठला रंग? किती झाले? गाय कशी वरडती?" खेळ म्हणून सुरू झालेलं दोन मिनिटांत तोंडी परीक्षेवर येतं. यात वाईट हेतू काहीच नसतो. पोरगं हुशार व्हावं, आपल्यासारखं अडू नये, ही तळमळ असते. पण मुलाच्या बाजूनं बघितलं तर दिवसभर त्याच्याशी जे काही बोललं जातं ते एकतर "हे कर, ते करू नको" असतं किंवा उत्तर मागणारं. नुसतं त्याच्याशेजारी बसणारं माणूस त्याला मिळत नाही.

तिच्या कानात मी म्हणत होते, "विचारू नका, सांगा."

"काय सांगू?"

"दिसतंय ते."

थोडा वेळ ती गप्प. मग म्हणाली, "तू बोळकी एकावर एक रचालायस." मुलानं मान वर करून तिच्याकडे बघितलं. मग म्हणाला, "ही पाण्याची टाकी हाय." आई म्हणाली, "ही पाण्याची टाकी हाय." यानंतर तो जे बोलत सुटला ते वेळ संपली तरी थांबेना. टाकीत मोटर होती, मोटरीला लाईट नव्हती, लाईट रात्री येणार होती, बाबा रात्री रानात जाणार होते. चार वर्षांच्या मुलाच्या डोक्यात घरातली केवढी काळजी साठलेली असते!

कौतुक मात्र तिला जमेना. "तोंडावर कसं म्हणायचं? दृष्ट लागती म्हणत्यात. आन् आत्याबाई आत बसल्यात." (आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई.) ही अडचण खरी आहे. "गुड बॉय" तिला म्हणता येतं, कारण ते परकं आहे. पण मुलाला त्यातून आपण नेमकं काय चांगलं केलं ते कळत नाही. मग आम्ही दोघींनी मिळून तिच्या घरात शोभतील अशी वाक्यं शोधली. "वाटी हळू ठेवलीस, बरं वाटलं मला." "हाक मारल्याबरोबर आलास." "आजीला आदी दिलास." "न सांडता आणलंस रं!" हीच तिच्या तोंडात बसतात. छापील सूचनांतली गुळगुळीत वाक्यं आई बोलू लागली की मूल बावरतं. ही आपली आई नाही, हे त्याला लगेच कळतं.

१५ जून, शनिवार

शाळा उघडल्या. दिवसभर फोन. तक्रार एकच, "ऐकत नाही." मी सगळ्यांना आधी झोपेचं विचारते. रात्री अकरा-साडेअकरा हे उत्तर आता सर्रास येतं, आणि सकाळी सातला रिक्षा. तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची धरून दहा ते तेरा तास झोप लागते, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं. ती मिळत नसेल तर बाकीचं काही शिकवायला घेणं म्हणजे मुलावर अन्याय आहे.

१८ जून, मंगळवार

चाकणच्या कंपनीत शिफ्टला जाणारा एक बाबा. बापानं होऊन फोन करणं दुर्मीळ, म्हणून त्याला रात्रपाळीआधीची वेळ काढून दिली. मुलगी नुकती तीनची झाली. पाळणाघरात चावते. ठेवून घेता येणार नाही असं तिथून सांगितलंय. दोघंही कामाला जाणारे, गावाहून आणायला आजी नाही. "चावणं कधी थांबेल, ते सांगा," असं त्यानं थेट विचारलं.

मुलगी शब्द फार कमी वापरते. ओढून दाखवते, नाही कळलं तर चावते. चावणं या वयात नवल नाही. पण मला दुसरंच काही दिसलं. बाबानं मागून हाक मारली, ती ठोकळ्यात गुंग. समोर येऊन बोलला तर हसली. मी त्याला पुन्हा मागून, मग बाजूनं, मग दारातून हाक मारायला लावली. ती वळली नाही. टीव्ही मोठ्या आवाजात लावते का? हो. सर्दी वारंवार? सदाच.

"आधी कानाच्या डॉक्टरांकडे," मी म्हटलं. त्याला ते पटलं नाही. "कान नाही ताई, राग आहे तिला." मी त्याला सांगितलं की कान तपासल्याशिवाय मी रागावर काम सुरू करणार नाही. पडद्यावरून मला कानात डोकावता येत नाही, रक्त तपासता येत नाही, मूल हातात घेता येत नाही. जिथं हात लागतात तिथं पाठवणं हे या कामाचं पहिलं कर्तव्य आहे.

२४ जून, सोमवार

डोंगराकडच्या आईनं वही घातली आहे. थैमानाआधी काय झालं, थैमान किती वेळ चाललं, शेवटी काय मिळालं. तिच्या अक्षरात: "जेवणाआदी. मोबाईल. ७ मिनिटं. दिला." "पावणे आल्यावर. मोबाईल. १० मिनिटं. आत्याबाईंनी दिला."

अशा वह्यांना मोठी परंपरा आहे. फ्लोरेन्स गुडइनफ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी लहान मुलांच्या रागावर १९३१ मध्ये पुस्तक लिहिलं ते आयांनी घरी ठेवलेल्या नोंदींवरून. राग जेवणाआधी आणि झोपेच्या सुमारास वाढतो, सर्दी-तापाच्या बारीकसारीक दुखण्यात वाढतो, हे त्या आयांच्या वह्यांतून आलं. घरोघरी आज्या हे सांगत आल्या आहेतच: भुकेजलंय, झोपेला आलंय. नोंद ठेवली की तेच आपल्या मुलाच्या वेळेनिशी समोर येतं, आणि खाणं अर्धा तास अलीकडे ओढता येतं.

२००३ मध्ये मायकेल पोटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन यांनी पालकांकडून थैमानांची वर्णनं मिळवून वेळा मांडल्या. बहुतेक थैमानं अर्ध्या ते एका मिनिटाची, आणि चारातली तीन पाच मिनिटांच्या आत संपणारी. हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मला तर तासभर वाटतंय." वाटणारच. कान किटतात, शेजारची डोकावते, भाजी लागते. म्हणून मी तिला घड्याळाकडे बघायला सांगते. आकडा समोर असला की धीर टिकतो.

मग वहीतलं "दिला." ओरेगनमध्ये जेराल्ड पॅटरसन यांनी घराघरांत बसून हे निरखलं आणि १९८२ मध्ये त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. मूल मागतं, आई नाही म्हणते, मूल आवाज चढवतं, आई चढवते, मूल आणखी चढवतं, आणि शेवटी आई थकून देते. त्या क्षणी दोघांनाही सुटका मिळते: मुलाला वस्तू, आईला शांतता. म्हणून दोघंही उद्या तेच करतात. यात कुणी लबाड नाही, कुणी कमजोर नाही. हे मी प्रत्येक आईला दोनदा सांगते, कारण ती आधीच स्वतःला दोषी धरून बसलेली असते.

दुसरी गोष्ट आधीच सांगावी लागते. रडून मोबाईल मिळणं बंद झालं की रडणं काही दिवस वाढतं. कालपर्यंत उघडणारं दार आज का उघडत नाही म्हणून मूल जोरात ठोठावतं. याची कल्पना नसेल तर पालक नेमके त्याच दिवशी देतात, आणि मूल शिकतं की आणखी जोरात ठोठावायला हवं होतं. तोडणं, मारणं, डोकं आपटणं यांकडे मात्र डोळेझाक करायची नाही. तिथं हात धरायचा, वस्तू उचलायची, कमीत कमी बोलायचं.

३ जुलै, बुधवार

डोंगराकडच्या घरी रडणं वाढलं, आणि वाढल्या दिवशीच आत्याबाईंनी फोन दिला. आई रडकुंडीला आली. "मी पाच मिनिटं कळ काढली, त्यांनी मागल्या दारानं त्येंच्या लेकाचा फोन दिला. मी कुणाला काय बोलू?"

फोनच्या चौकटीत आई आणि मूल एवढेच येतात. घरातले निर्णय चौकटीबाहेर बसलेले असतात. परदेशात बसवलेले बरेचसे कार्यक्रम दोन पालक धरून चालतात, आणि आपल्याकडे सून जेव्हा सासूसमोर मुलाचं रडू "बघत बसते" तेव्हा तिच्यावर काय बेतू शकतं याची त्यात जागा नसते. सुनेच्या गळ्यात नवी पद्धत बांधून तिला घरात एकटी सोडणं मला मान्य नाही. म्हणून मी आत्याबाईंशी बोलायला मागितलं. सूचना द्यायला नव्हे, ऐकायला.

त्या बराच वेळ बोलल्या. "आमी सहा पोरं वाढिवली. तवा मोबाईल नव्हता, पन घरात मानसं हुती. आता ह्यो एकटा. मी गुडघ्यानं बसल्या जाग्यावरनं उठंना. रडाय लागला तर मी धावू कशी? हातात दिलं की बसतोय." मोबाईल त्या लाडानं देत नव्हत्या, गुडघेदुखीनं देत होत्या. हे मला सुनेकडून कधी कळलं नसतं.

मी विचारलं, तुमची मुलं रडायची तेव्हा काय करायचात? म्हणाल्या, "काम लावायचं. जा, कोंबड्या मोजून ये. जा, कडीपत्ता तोडून आन." याहून चांगली युक्ती मी कुठल्या कार्यक्रमातून आणणार? रडणं वाढायच्या आत मुलाचं लक्ष वळवून हाताला जमणारं काम देणं, हेच तर शिकवतात. आता संध्याकाळी साडेसहाला आत्याबाई बसल्या जागी त्याला शेंगा देणार. दोघांनी मिळून सोलायच्या, फोलपटं एका सुपात, दाणे दुसऱ्यात. मोबाईल त्या वेळी फडताळात. हे त्यांनीच ठरवलं.

१७ जुलै, बुधवार. आषाढी

उपास सगळ्या घराला, भगर व्हायला उशीर, तरी थैमान नाही. आईनं आपणहून फोन करून सांगितलं. बाकी काही नाही.

२६ जुलै, शुक्रवार

पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ओलांडली आहे. वीज येते-जाते, वरच्या गावांत नेट बंद. व्हिडिओ होणं शक्य नाही. साधा फोन लागतो, तेवढ्यावर भागवलं. आवाजावरही काम होतं हे मला ठाऊक होतं. कॅनडातल्या हॅलिफॅक्समध्ये पॅट्रिक मॅकग्राथ यांनी दूरच्या वस्त्यांतल्या कुटुंबांसाठी फोनवरून मार्गदर्शनाचा कार्यक्रम उभा केला. तो फिनलंडमध्ये आंद्रे सौरांदर यांनी घेतला. तिथं चार वर्षांच्या मुलांची बालआरोग्य केंद्रात नेहमीची तपासणी होते. त्या तपासणीतच पालकांकडून प्रश्नावली भरून घेतली, आणि ज्यांच्या मुलांचं वागणं खूपच आडमुठं दिसलं अशा ४६४ कुटुंबांना अभ्यासात घेतलं. निम्म्यांना अकरा आठवड्यांचा इंटरनेटवरचा पाठ आणि दर आठवड्याला एका माणसाचा फोन. २०१६ मध्ये निष्कर्ष आले: या मुलांच्या वागण्यातली अडचण बाकीच्यांपेक्षा स्पष्ट कमी झाली. यातल्या दोन गोष्टी मी अधोरेखित करून ठेवल्या आहेत. पालक मदत मागायला आलेच नव्हते, मदत त्यांच्यापर्यंत गेली. आणि पाठ नेटवर असला तरी दर आठवड्याला त्यांचं ऐकून घेणारं एक माणूस होतं.

२०२०च्या टाळेबंदीत संशोधक, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मिळून पालकांसाठी एकेक पानी सूचना काढल्या, शंभराहून अधिक भाषांत. ते चांगलंच काम होतं. पण आज आयांच्या फोनवर दिवसाला कितीतरी सल्ले येऊन पडतात, एकाचा दुसऱ्याशी मेळ नसतो, आणि "माझ्या घरात हे कसं करू?" हे विचारायला समोर कुणी नसतं. सल्ल्यांचा तुटवडा कधीच नव्हता. तुटवडा आहे तो विचारता येईल अशा माणसाचा.

२ ऑगस्ट, शुक्रवार

शिफ्टवाल्या बाबाचा फोन. दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी साठलेलं निघालं. सततच्या सर्दीनं असं होतं, आणि मुलाला सगळं पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येतं. उपचार सुरू आहेत. पाळणाघरातल्या ताईंना त्यानं डॉक्टरांचा कागद दाखवला. त्या आता समोर बसून, तोंड दिसेल असं बोलतात. चावणं थांबलेलं नाही, कमी झालंय. म्हणाला, "आम्ही तिला महिनाभर हट्टी म्हणत होतो ताई." त्याला मी म्हटलं, तुम्ही पाठपुरावा केलात म्हणून कळलं.

सरकारी वाटही आहे, आणि ती बहुतेक पालकांना माहीत नसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला तो आपल्याच पालघरमधून. त्याची फिरती पथकं अंगणवाड्या आणि शाळांत मुलं तपासतात, आणि पुढच्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी डीईआयसी केंद्रं आहेत. ऐकणं, बोलणं, डोळे, वाढीतला उशीर या सगळ्याची तिथं विनामूल्य तपासणी होते. बोलायला उशीर, हाकेला न वळणं, आलेले शब्द पुन्हा जाणं, यांतलं काही दिसलं तर मी पालकांना वागण्याचे पाठ देत बसत नाही. आधी तिकडे पाठवते.

९ ऑगस्ट, शुक्रवार. नागपंचमी

आज दोन वेगवेगळ्या घरांतून एकच वाक्य: "आम्ही मार खाल्ला, आमचं काय वाईट झालं?" हे वाक्य म्हणणाऱ्याला मी कधी खोडून काढत नाही. तो आपल्या आईबापांची बाजू घेत असतो. मी एवढंच विचारते, मार खाल्ला तेव्हा काय शिकलात? बहुतेक जण म्हणतात, लपवायला.

शाळेत मुलाला मारायला २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी आहे. घरासाठी आपल्याकडे असा स्पष्ट कायदा नाही. स्वीडननं १९७९ मध्ये केला, जगात सगळ्यात आधी. पण "हे सगळं गोऱ्यांचं" असं कुणी म्हटलं की मी उठून कपाट उघडते. ताराबाई मोडकांनी १९३३ पासून मराठीत 'शिक्षणपत्रिका' चालवली, गिजुभाई बधेकांबरोबरच्या कामातून आलेली. मुलाला न मारता, न भिववता वाढवायचं हे त्या तेव्हापासून सांगत होत्या, आणि पुढे बोर्डी-कोसबाडला अनुताई वाघांसह आदिवासी पाड्यांत त्यांनी ते करून दाखवलं. पुण्यात १९८७ पासून 'पालकनीती' निघतं. शोभाताई भागवतांचं 'आपली मुलं' कित्येक घरांत आहे. नव्वद वर्षांचं हे आपलं, आपल्या भाषेतलं काम आहे. नवं काय आलं असेल तर ते संध्याकाळी सातला डोंगरावरच्या ओट्यापर्यंत पोचायचं साधन.

२० ऑगस्ट, मंगळवार

डोंगराकडच्या घरी पुढची पायरी: सांगितलेलं ऐकणं. एका वेळी एकच गोष्ट, जवळ जाऊन, काय करायचं ते सांगायचं ("पळू नको" ऐवजी "माझा हात धर"), मग पाच मोजेपर्यंत गप्प राहायचं. हे गप्प राहणं आयांना जड जातं. आपण सांगितलेलं लगेच पुन्हा सांगतो, मग तिसऱ्यांदा ओरडून. ऐकलं तर लगेच बोलून दाखवायचं. नाही ऐकलं, मुद्दाम मारलं-फेकलं, तर थोडा वेळ बाजूला बसवायचं.

हे बाजूला बसवणं मी फार जपून सांगते. मोरीत कोंडलेली, अंधाऱ्या खोलीत घातलेली, "बुवा नेईल" म्हणून दाराबाहेर ठेवलेली मुलं मी पाहिली आहेत. ते यात कदापि नाही. दोन-तीन मिनिटं, आईच्या नजरेसमोर, उजेडात, भीती न घालता. आणि ज्या घरात पाच मिनिटांचा खेळ रोज होत नाही तिथं हे द्यायचंच नाही. मूल बाजूला बसल्यानं काही गमावतंय असं त्याला तेव्हाच वाटतं, जेव्हा जवळ बसण्यात त्याला काही मिळत असतं. तिच्या दोन खोल्यांच्या घरात कोपरा कुठला? उंबऱ्याजवळची पायरी ठरली. पहिल्यांदा तो चार वेळा उठला. आईनं चार वेळा न बोलता आणून बसवलं. मी कानात फक्त "छान, असंच" म्हणत राहिले; तिलाही कुणीतरी म्हणायला हवं.

११ सप्टेंबर, बुधवार. गौरीपूजन

पाहुण्यांनी भरलेलं घर, नैवेद्याला उशीर, चुलतभावांच्या हातात मोबाईल. आम्ही आधीच ठरवलं होतं: त्याला दोन वाजता पोटभर खायला घालायचं, नैवेद्याच्या आधी, त्यासाठी आत्याबाईंची परवानगी घेऊन ठेवली होती. आणि दिवसाचा क्रम सकाळी सांगायचा, आरती, जेवण, मग झिम्मा.

तरी आरतीच्या मधोमध तो लोळलाच. घंटा त्याला हवी होती. एक मावशी म्हणाली, "द्या की दोन फटके." आत्याबाई म्हणाल्या, "राहूदे, त्येची आई बघती." आई त्याला बाहेर घेऊन गेली, पायरीवर त्याच्याजवळ बसली, काही बोलली नाही. रडणं ओसरल्यावर म्हणाली, "घंटा पायजे हुती तुला." तो "हां" म्हणाला. पुढच्या आरतीला घंटा त्याच्याकडे. हे तिनं रात्री मला फोनवर सांगितलं, सगळं, मावशीच्या वाक्यासकट. थैमान टाळता आलं नाही याचं तिला जराही वाईट वाटत नव्हतं, आणि मला त्याचाच फार आनंद झाला.

२० सप्टेंबर, शुक्रवार

आत्याबाईंनी शेजारच्या दोन घरांना माझा नंबर दिलाय. माझ्याकडे संध्याकाळी सात ते आठ हा तास एकच आहे आणि तो भरलाय. रांगेतल्या लोकांना डिसेंबर सांगताना जीव तुटतो; चार वर्षांच्या मुलाला तीन महिने म्हणजे फार.

म्हणून आज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना द्यायचा अर्ज लिहून काढला. महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. तिथल्या ताईंना गावातलं प्रत्येक मूल माहीत असतं, भाषा घरची असते, आत्याबाई त्यांना ओळखतात. पण हे काम त्यांच्या डोक्यावर आणखी एक ओझं म्हणून टाकायला माझा विरोध आहे. वजन-उंची, आहार, पोषण ट्रॅकरच्या नोंदी सगळं त्या करतातच, आणि मानधनासाठी त्यांना गेल्या हिवाळ्यात संपावर जावं लागलं. अर्जात लिहिलंय: तालुक्यातल्या निवडक ताईंना या कामाचं नीट प्रशिक्षण द्या. प्रत्येकीकडे मोजकीच घरं द्या, आठवड्याला एक ठरलेला फोन, संध्याकाळच्या वेळेचा वेगळा मोबदला आणि रिचार्जचे पैसे. अडलेलं मूल पुढे पाठवण्यासाठी डीईआयसीशी थेट संपर्क. आणि सुरुवातीचं वर्षभर मी त्यांच्यासोबत फोनवर असेन, विनामोबदला.

सोमवारी अर्ज घेऊन स्वतः जाणार आहे. आत्याबाई म्हणाल्या, त्या दिवशी त्यांना गुडघ्यासाठी तालुक्याला यायचंच आहे, तर त्याही हापिसात येतील आणि साहेबांना शेजारच्या दोन्ही पोरांचं सांगतील.